24 ते 36 पाउंड: रिकर्व्ह धनुष्य ताणण्याच्या तयारीच्या नोंदी

बेचाळिशीतल्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या आणि खांद्यांना व्यायामाची सवय नसलेल्या माणसाने ऑलिम्पिकमध्ये वापरतात त्या प्रकारच्या रिकर्व्ह धनुष्याने 70 मीटरवर 72 बाणांची पूर्ण फेरी शेवटच्या बाणापर्यंत एकाच पद्धतीने मारावी, एवढे या कामाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी बोटांवर 36 पाउंडांच्या आसपास ताण पेलता यायला हवा, असे साताऱ्यातल्या आमच्या मैदानावरच्या प्रशिक्षकांचे मत पडले. 36 पाउंड म्हणजे सव्वासोळा किलो, आणि तेवढे वजन 72 वेळा ओढून धरायचे तर एका फेरीत पावणेबारा क्विंटलांची ओढ होते. नेम धरण्याविषयी या नोंदींत फारसे काही नाही. धनुष्य ताणण्यासाठी शरीर कसे तयार केले, कुठे अडले आणि कशावर किती खर्च झाला, एवढेच येथे लिहिले आहे.

10 नोव्हेंबर 2024

सुरुवात मैदानावरच्या लाकडी रायझरच्या, म्हणजे मुठीच्या मधल्या भागाच्या, 68 इंची धनुष्याने केली. त्याच्या लिंबवर, म्हणजे रायझरला वर-खाली जोडलेल्या वाकणाऱ्या पात्यांवर, 24 पाउंड असे छापलेले होते. प्रौढ पुरुषाने 24 पासून सुरुवात करावी, असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते योग्यच आहे, पण पहिल्या आठवड्यातच खांदे इतके भरून येऊ लागले की छापलेल्या आकड्याविषयी शंका आली. सामान तोलण्याचा हुकाचा डिजिटल काटा 650 रुपयांना आणला, त्याने दोरी माझ्या अँकरपर्यंत, म्हणजे पूर्ण ताणात हात हनुवटीखाली टेकतो त्या जागेपर्यंत, ओढली, आणि काट्याने 28 पाउंड दाखवले.

कारण अगदी साधे आहे. लिंबवरचा आकडा 28 इंचांच्या ताणासाठी, म्हणजे दोरी तेवढी मागे आल्यावरचा, असतो. आपला ताण मोजायचा तर लांब बाण लावून धनुष्य पूर्ण ताणावे, मुठीच्या सर्वांत खोल जागेसमोर बाणावर खूण करून घ्यावी, नॉकच्या, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाच्या, खाचेपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात पावणेदोन इंच मिळवावेत. माझे अंतर सव्वाअठ्ठावीस इंच भरले, म्हणजे ताण 30 इंच झाला. या वजनाच्या धनुष्यात 28 इंचांच्या पुढेमागे प्रत्येक इंचाला साधारण दोन पाउंडांचा फरक पडतो, त्यामुळे माझ्या हातात ते 24 चे नव्हे, तर 28 चे धनुष्य होते. माझ्यासोबत येणाऱ्या माझ्या मुलीचा ताण 25 इंच आहे, आणि त्याच धनुष्याने तिच्या बोटांवर साडेअठरा पाउंड भरले.

ज्यांना हे काम सुरू करायचे आहे त्यांनी धनुष्य घेण्याआधी काटा घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. उंच माणसाला दुकानात सांगितलेला आकडा नेहमीच कमी असतो. मैदानावर 20 चे लिंब शिल्लक होते, ते मागून घेतले. आता माझ्या बोटांवर खऱ्या अर्थाने 24 पाउंड आहेत, आणि पुढच्या सर्व नोंदींत पाउंडांचा आकडा लिंबवर छापलेला नसून काट्यावर मोजलेला आहे.

24 नोव्हेंबर

दोन आठवडे धनुष्य कमी आणि रबर जास्त, असे चालले आहे. थेराबँडची मध्यम पट्टी 400 रुपयांना मिळाली. तिची गाठ मारून कडे केले, डाव्या तळहातात मुठीसारखे धरले आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी अँकरपर्यंत ओढायचा सराव कपाटाच्या आरशासमोर ठेवला.

आरशात दिसलेला पहिला दोष डाव्या खांद्याचा होता. ताण वाढू लागला की धनुष्य धरलेल्या हाताचा खांदा कानाकडे चढतो, मान आखडते आणि सगळे वजन मानेजवळच्या स्नायूंवर येते. ताकद कमी असल्यामुळे असे होते, असे मला वाटत होते. पण अगदी हलक्या रबरानेही खांदा चढतच होता, म्हणजे अडचण ताकदीची नव्हती, क्रमाची होती. हात वर उचलताना खांदा आधीच वर गेलेला असे, आणि एकदा भार आल्यावर तो खाली आणणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून आता हात मांडीजवळ असतानाच खांद्याचा फरा खाली दाबून घेतो, हात उचलतो, आरशात खांदा आणि कान यांच्यामधले अंतर पाहतो आणि मगच ओढतो. डाव्या कोपराची आतली बाजू आकाशाकडे न ठेवता उभी फिरवून घेण्याची सवयही याच वेळी लावली. त्यामुळे दोरी सुटताना हाताच्या आतल्या भागावर बसणारा फटका थांबला आणि खांद्याला हाडांचा आधार मिळू लागला.

15 डिसेंबर

काम थांबले आहे. उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखणे सुरू झाले, आणि ते आधी फक्त सरावानंतर जाणवत होते, पण आता शर्ट घालतानाही कळ येते. फिजिओथेरपिस्टकडे जावे लागले. प्रत्येक वेळेचे 500 रुपये.

चित्रफीत पाहिल्यावर कारण सापडले. मी दोरी हाताने ओढत होतो. दंडाचा पुढचा स्नायू आणि मनगट काम करत होते, कोपर बाणाच्या रेषेच्या खाली राहत होते आणि शेवटच्या दोन इंचांसाठी उजवा खांदा पुढे आणि वर सरकत होता. अशा स्थितीत खांद्याच्या सांध्यातील रोटेटर कफच्या, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या, कंडरांना चिमटा बसतो. त्यात पहिल्या महिन्यातल्या उत्साहाने बाणांची संख्या वाढली होती. स्नायू काही आठवड्यांत भारी कामाला सरावतात, मात्र त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना महिने लागतात, आणि ताकद आल्यासारखे वाटते तोच काळ कंडरांसाठी सर्वांत धोक्याचा असतो, हे मला सुरुवातीलाच कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. म्हणून येथे ठळकपणे लिहीत आहे.

धनुष्य संक्रांतीपर्यंत बंद. त्याऐवजी रोज चार व्यायाम आहेत. पहिला, कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये गुंडाळलेला टॉवेल धरून हाताचा पुढचा भाग रबराविरुद्ध बाहेर फिरवणे. दुसरा, दाराला बांधलेले रबर चेहऱ्याकडे ओढताना कोपरे उंच ठेवणे आणि शेवटी दोन्ही फरे एकमेकांजवळ आणणे. तिसरा, भिंतीला पाठ आणि हात टेकवून ते वर-खाली सरकवणे. चौथा, जोर मारताना हात सरळ झाल्यावर आणखी एक इंच जमिनीला ढकलून फरे बरगड्यांभोवती पुढे नेणे. धनुष्य धरलेल्या हाताचा खांदा स्थिर ठेवणारा स्नायू याच हालचालीत काम करतो. यांपैकी एकाही व्यायामाला यंत्र किंवा व्यायामशाळा लागत नाही. जड डंबेल उचलून दंड मोठे करण्याचा विचार होता, तो फिजिओथेरपिस्टनी बाजूला ठेवायला लावला, आणि ते योग्य होते. ज्या स्नायूने ओढू नये तोच बळकट करून उपयोग नव्हता.

19 जानेवारी 2025

पुन्हा 24 पाउंड हाती घेतले. दुखणे नाही. प्रशिक्षक माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत. त्यांनी एकच सूचना दिली आणि आठवडाभर दुसरे काही सांगायचे नाही असे ठरवले: ‘‘दादा, दोरी ओढू नका, कोपर मागे न्या.’’ बोटे म्हणजे फक्त हुक, हाताचा पुढचा भाग म्हणजे फक्त साखळी, आणि ओढणारा भाग फऱ्याच्या आतल्या कडेला, असे समजून ताणायचे. वरून पाहिले तर पूर्ण ताणात उजवे कोपर बाणाच्या रेषेत किंवा किंचित मागे गेलेले असले पाहिजे. ते रेषेच्या बाहेर राहिले, तर भार दंडावर राहतो. रेषेत आले, तर भार खांद्याच्या हाडांवर आणि पाठीवर जातो आणि तेच 24 पाउंड चांगलेच हलके वाटतात. घरी मुलगी स्टुलावर उभी राहून वरून मोबाइलवर चित्रण करते. बाजूने घेतलेल्या चित्रणात ही चूक जवळजवळ दिसतच नाही.

या टप्प्यावरचा मुख्य व्यायाम धरून ठेवण्याचा आहे. धनुष्य पूर्ण ताणून अँकरला आणायचे, 15 ते 20 सेकंद तिथेच धरायचे, बाण न सोडता दोरी सावकाश परत आणायची आणि त्याच्या दुप्पट वेळ विश्रांती घ्यायची. पाच-सहा वेळा झाले की पुरे. हात थरथरू लागला तरी चालते, पण डावा खांदा चढला किंवा उजवे कोपर पुढे सरकले, की त्या दिवसाचा सराव तिथेच संपवायचा, हा नियम कठोरपणे पाळतो. दोरी सावकाश परत आणणे हेही कामच आहे. पाठीला तेवढाच व्यायाम त्यातून मिळतो.

हा व्यायाम करताना एक धोका आहे. बाणाशिवाय दोरी सुटली तर बाणात जायची ती सगळी ऊर्जा लिंबमध्येच राहते आणि लिंब तडकू शकतो. म्हणून मी तो घरी मोकळ्या धनुष्याने करत नाही. मैदानावर टार्गेटपासून चार मीटरांवर, बाण लावून, समोर कोणी नसताना करतो. बोटे चुकून सुटलीच तर बाण फोममध्ये जातो. टार्गेटवर कागद लावत नाही, कारण समोर रंगीत वर्तुळे दिसली की शरीराकडचे लक्ष लगेच उडते.

9 फेब्रुवारी

बोटांचे काम. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक सरावानंतर बधिर राहू लागले होते. दोरी बोटांच्या अगदी टोकाला धरली की सुटका सफाईदार होईल अशी माझी समजूत होती, पण टोकाला धरलेली दोरी घसरू नये म्हणून बोटे आवळावी लागतात, बोटे आवळली की मनगट ताठ होते, आणि ताठ मनगटामागोमाग दंडही कामाला लागतो. पाठीने ताणायचे तर बोटांचा हुक खोल हवा, ही गोष्ट मला उशिरा उमगली.

आता दोरी पहिल्या पेराच्या घडीत, किंचित आत बसवतो. तर्जनी बाणाच्या वर, मधले आणि अनामिका खाली. सर्वांत जास्त भार मधल्या बोटावर येतो आणि अनामिका फक्त सोबत असते. बोटांना दोरीपासून वाचवणारा, सोबत मिळालेला पातळ कापडी टॅब टाकून चामड्याचा दुहेरी थराचा टॅब घेतला, 1,100 रुपये. या कामात जिथे पैसे वाचवू नयेत अशा थोड्या वस्तूंमध्ये टॅब येतो. त्यातल्या मधल्या ठोकळ्यामुळे बाण बोटांमध्ये चिमटला जात नाही. बधिरपणा दोन आठवड्यांत गेला.

9 मार्च

स्वतःचे धनुष्य घेतले: वापरलेला 25 इंची धातूचा रायझर आणि 28 छापलेले मध्यम लांबीचे लिंब, मिळून 18,000 रुपये. लिंब बदलता येणारा रायझर घेण्यामागे हिशेब असा आहे की रायझर कायम राहतो आणि ताकद वाढेल तसे फक्त लिंब बदलावे लागतात. शिवाय लिंब ज्या बोल्टखाली बसतात ते सैल-घट्ट करून सुमारे दहा टक्क्यांचा फरक करता येतो, म्हणजे एका जोडीत साधारण तीन पाउंडांचा पट्टा मिळतो.

पहिले लिंब परत करावे लागले. दोरी चढवून मागून पाहिले तेव्हा दोरी खालच्या लिंबच्या मध्यावरून न जाता कडेने जात होती. लिंब पिळलेला होता. विकणाऱ्याने बदलून दिले, पण तीन आठवडे गेले. वापरलेले लिंब घेताना दोरी चढवून मागून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि नंतर ते पिळू नयेत म्हणून दोरी पाय अडकवून न चढवता नेहमी स्ट्रिंगरने चढवावी. स्ट्रिंगर 350 रुपयांना मिळतो.

दुसरी जोडी बोल्ट सुरक्षित मर्यादेपर्यंत सैल करून काट्यावर लावली तेव्हा 29 पाउंड भरले. मी तोपर्यंत 24 वर होतो. पाच पाउंडांची उडी एकदम घ्यायची नाही असे ठरल्यामुळे मधले 24 छापलेले लिंब, म्हणजे माझ्या ताणाला 28 भरलेले ते जुने लाकडी धनुष्य, आठवड्यातून दोन दिवस आणि 24 चे धनुष्य बाकीचे दिवस अशी वाटणी केली. उरलेल्या वेळात नव्या धनुष्याची बैठक जमवली: दोरी आणि मुठीमधले अंतर 22 सेंटिमीटर, वरच्या आणि खालच्या लिंबमधला फरक जवळजवळ शून्य. या गोष्टी ताकदीशी संबंधित नाहीत असे वाटते, पण ताण मोजताना काट्याचा आकडा रोज वेगळा येऊ लागला की त्याचे कारण बहुधा इथेच असते.

20 एप्रिल

29 पाउंडांवर नियमित सराव सुरू झाला आणि आता वाढ कधी करायची याची कसोटी ठरवली. एका दिवसाच्या पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन बाणांचे चित्रण एकाच जागेवरून घ्यायचे आणि शेजारी ठेवून पाहायचे. शेवटच्या बाणाला डावा खांदा, कोपराची रेषा, हनुवटीखालचा हात आणि अँकरवर थांबण्याचा वेळ पहिल्या बाणासारखाच असेल, आणि हे सलग तीन आठवडे टिकले, तरच दोन पाउंड वाढवायचे. गुणांचा यात विचार करत नाही. ज्याला थोडा अनुभव आहे तो जड धनुष्यानेही काही काळ चांगले गुण मिळवू शकतो, कारण शरीर दुसरीकडून ताकद उसनी घेते. चित्रणात ती उसनवारी स्पष्ट दिसते.

माझ्या बाबतीत ती आधी कंबरेत दिसली. थकल्यावर मी मागे झुकून ताणत होतो, कंबर पुढे जात होती आणि छाती उघडत होती. पोट हलके आवळून बरगड्या खाली ठेवणे हा त्यावरचा उपाय, पण तो बाण मारताना आठवत नाही. म्हणून सरावाआधी जमिनीवर प्लँक आणि एका बाजूचा प्लँक सुरू केला, आणि महिनाभरात झुकणे बरेच कमी झाले.

पाउंड हळूहळू वाढवण्याची ही रीत नवी नाही. 1549 मध्ये इंग्लंडच्या सहाव्या एडवर्डसमोर दिलेल्या प्रवचनात ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने सांगितले होते की, वडिलांनी त्याला हातांच्या जोराऐवजी सर्व शरीराचा भार घालून धनुष्य ताणायला शिकवले, आणि त्याच्या वयाप्रमाणे व ताकदीप्रमाणे त्याला एकामागून एक मोठी धनुष्ये घेऊन दिली. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या जहाजातून वर काढलेली त्याच काळातली लांब धनुष्ये शंभर पाउंडांच्याही पुढची आहेत, आणि ती लहानपणापासून अशाच पायऱ्यांनी वर गेलेल्या माणसांसाठी होती. आम्हाला गाठायचे आहे ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, तेही चाळिशीनंतर सुरुवात करून, त्यामुळे घाई करण्याचे कारण मला दिसत नाही.

1 जून

यंदा पाऊस मे महिन्याच्या उत्तरार्धातच आला. मैदान चिखलाचे झाले आणि भिजलेले फोमचे टार्गेट बाण घट्ट धरून ठेवू लागले. बाण उपटताना उजव्या खांद्याला झटके बसतात, आणि ज्या खांद्याने आधी दुखून महिना घालवला आहे त्याला हे परवडणारे नाही. म्हणून आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये 18 मीटरवर आलो.

बोल्ट घट्ट करून 31 पाउंड केले आहेत. कसोटी उत्तीर्ण झाल्यावरच केले, तरीही पहिला आठवडा जड गेला. वाढ केल्यावर आठवडाभर बाणांची संख्या निम्मी ठेवायची हा नियम इथून पुढे पाळणार आहे.

शेडमध्ये आमच्याशेजारी कंपाउंडवाली, म्हणजे टोकांना चाके असलेले धनुष्य वापरणारी, मुले असतात. अदिती स्वामी ही साताऱ्याची मुलगी 2023 मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचे सुवर्ण घेतले, तेव्हापासून आमच्याकडे कंपाउंड शिकणारी मुले वाढली आहेत. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र संघ प्रकार घेतल्याने त्यात आणखी भर पडेल. मलाही कंपाउंडकडे वळण्याचा सल्ला मिळाला. त्यातल्या चाकांमुळे पूर्ण ताणात भार बराच उतरतो: 50 पाउंडांचे धनुष्य 75 टक्के भार सोडत असेल, तर धरून ठेवायला साडेबारा पाउंडच राहतात. रिकर्व्हमध्ये भार अगदी शेवटच्या मिलिमीटरपर्यंत वाढतच जातो आणि सर्वांत जास्त असतो तेव्हाच स्थिर राहावे लागते. म्हणून कंपाउंडवाल्यांच्या ताकदीच्या तक्त्यांवरून रिकर्व्हचे नियोजन करू नये. त्यांना चाक ओलांडण्यापुरता जोर क्षणभर लागतो. आपल्याला तो धरून ठेवावा लागतो. प्रकार बदलला नाही, कारण मला हेच धरून ठेवणे शिकायचे आहे.

27 जुलै

क्लिकर बसवला आणि दोन आठवडे सगळे बिघडले.

क्लिकर ही रायझरवरची धातूची पातळ पट्टी आहे. बाण तिच्याखालून मागे येतो, टोक बाहेर आले की पट्टी टिक आवाज करून रायझरवर आपटते आणि त्याच क्षणी बाण सोडायचा असतो. त्यामुळे प्रत्येक वेळी ताण एकाच लांबीचा राहतो. अँकरला आल्यावर उरलेले दोन-तीन मिलिमीटर छाती आणि पाठ पसरवून पार करायचे असतात. मला ते पार होईनात, आणि घाईने मी ते बोटांनी आणि मनगटाने ओढून काढू लागलो. जानेवारीपासून घडवलेली कोपराची रेषा मोडली, चेहऱ्यावरची दोरी दाबली जाऊ लागली, आणि उजव्या खांद्यात जुनी कळ एकदा येऊन गेली.

दुरुस्ती अशी केली. आधी क्लिकर तीन मिलिमीटर पुढे, म्हणजे टार्गेटच्या बाजूला सरकवला, जेणेकरून टोक लवकर बाहेर येईल. मग क्लिकर वाजला तरी बाण सोडायचा नाही, तीन सेकंद तसाच ताण वाढवत राहायचे आणि दोरी परत आणायची, असा सराव केला. क्लिकर वाजल्यानंतरही पाठ काम करत राहिली पाहिजे, हे त्यातून शरीराला कळले. तिसऱ्या आठवड्यात क्लिकर एकेक मिलिमीटर करून मूळ जागी आणला. क्लिकर पार करण्यासाठी लागणारी ही शेवटची ताकद थेराबँडने मिळत नाही. ती 20 सेकंदांच्या धरण्यातून येते, आणि मी जूनमध्ये शेडच्या गडबडीत नेमका तोच व्यायाम बंद केला होता. तो पुन्हा आठवड्यातून तीन वेळा सुरू आहे.

7 सप्टेंबर

गणपतीच्या दिवसांत सराव तुटक झाला, पण त्याचा खांद्यांना फायदाच झाला.

32 छापलेले नवे लिंब घेतले, 9,500 रुपये. बोल्ट सैल असताना काट्यावर 33 पाउंड. 28 छापलेली जोडी मुलीकडे गेली. तिचा ताण आता साडेपंचवीस इंच आहे आणि बोल्ट पूर्ण सैल केल्यावर तिच्या बोटांवर 21 पाउंड भरतात, जे तिच्यासाठी पुढची योग्य पायरी आहे.

लिंबइतकाच खर्च बाणांवर होतो, हे आधी हिशेबात धरले नव्हते. बाणाची लवचीकता स्पाइनच्या आकड्याने सांगतात: 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाण ठेवून मध्ये 880 ग्रॅम वजन टांगले की तो जितका झुकतो, ते हजारांश इंचांत. माझे बाण 800 स्पाइनचे होते आणि 29 पाउंडांना चांगले चालत. 33 वर तेच बाण फार लवचीक ठरले. पिसे नसलेला बाण पिसेवाल्या बाणांच्या उजवीकडे पडू लागला, आणि उजव्या हाताने ताणणाऱ्यासाठी ही बाण लवचीक असल्याची खूण आहे. दोष सुटकेचा आहे असे समजून दहाएक दिवस बोटांवर काम करत राहिलो आणि ते वाया गेले. 600 स्पाइनचे डझनभर कार्बनचे बाण घ्यावे लागले, 9,000 रुपये. जो दर दोन पाउंडांना बाण बदलेल तो कंगाल होईल. म्हणून बाण थोडे लांब ठेवून घ्यावेत, म्हणजे ते हलक्या धनुष्याला लवचीक वागतात आणि ताकद वाढली की कापून ताठ करता येतात. मी तसेच केले आहे.

16 नोव्हेंबर

गेल्या महिन्यात बोल्ट दोन टप्प्यांत घट्ट केले आणि काट्यावर 36 पाउंड भरले. 70 मीटरवर, 122 सेंटिमीटरच्या कागदावर, 72 बाणांची फेरी पूर्ण झाली. पहिले 48 बाण एका पद्धतीचे होते. त्यानंतर अँकरवरचा वेळ वाढत गेला, क्लिकर उशिरा वाजू लागला आणि शेवटच्या बारा बाणांत डावा खांदा पुन्हा थोडा चढलेला चित्रणात दिसतो. उद्दिष्टाच्या शब्दांप्रमाणे काम अपुरे आहे. म्हणून बोल्ट परत अर्धा फेरा सैल करून 35 वर आलो, आणि शेवटचे 24 बाण सुधारेपर्यंत तिथेच थांबणार आहे.

एकंदर खर्च: फिजिओथेरपी 4,000, काटा, रबर, टॅब आणि स्ट्रिंगर मिळून 2,500, वापरलेला रायझर आणि लिंब 18,000, नवे लिंब 9,500, बाणांचे दोन संच 15,000. मैदानाची फी महिना 1,500 आहे. सर्वांत महागात पडला तो वेळ: खांद्याचा एक महिना, पिळलेल्या लिंबचे तीन आठवडे आणि क्लिकरचा बहुतेक जुलै.

सध्याचा आठवडा असा आहे: तीन दिवस बाण, त्यांतला एक दिवस पूर्ण फेरीचा, बाण न मारण्याच्या दोन दिवशी धरून ठेवण्याचा व्यायाम आणि डिसेंबरचे चार व्यायाम, एक दिवस उलट्या हाताने रबर, म्हणजे पाठीच्या दोन बाजूंमध्ये पडत चाललेला फरक वाढू नये, आणि एक दिवस काहीच नाही. बोल्टला हात लावला की दोरी-मुठीचे अंतर, नॉकची जागा आणि क्लिकर हे तिन्ही पुन्हा तपासून त्या दिवसाच्या नोंदीत काट्याचा आकडा लिहितो.